उमराहच्या सामानात कॅमेरा

गेवराईतून उमराहला जाणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. पूर्वी मोहल्ल्यातून एखादे कुटुंब गेले तर सगळा मोहल्ला सोडायला यायचा. आता रमजान जवळ आला की दर आठवड्याला कोणी ना कोणी निघालेले असते. जाणाऱ्याला अनुभवी माणसे सल्ले देतात : एहरामची चादर जाड घ्या, चपला दोन जोड घ्या, शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. कॅमेऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. खरे तर प्रत्येकाच्या खिशात एक कॅमेरा असतोच, आणि परतल्यावर सर्वात आधी दाखवले जातात ते फोटोच.

आमच्या घरात हा प्रश्न जरा मोठा झाला, कारण घरात खरा कॅमेरा आहे. धाकटा भाऊ लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. कपाटात त्याच्या दोन बॉड्या, पाच लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड असे सगळे आहे. आम्ही दोघे नवरा-बायको आणि आमची थोरली मुलगी असे तिघे पंधरा दिवसांसाठी निघणार होतो. व्हिसा आला त्याच संध्याकाळी भावाने विचारले, "मग कुठला कॅमेरा नेणार?"

यावर घरात तीन मते निघाली. भाऊ म्हणाला, आयुष्यात एकदाची संधी आहे, चांगलाच न्या. मामूजान म्हणाले, इबादतीला जाताय की शूटिंगला? एकही नेऊ नका. मुलगी म्हणाली, फोन पुरेसा आहे, उगाच ओझे कशाला.

मामूजानांचे म्हणणे आम्ही बाजूला सारले नाही. फोटोच्या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे वाचकांना माहीत आहे. कोणी गरजेपुरती परवानगी देतात, कोणी अधिक सवलत देतात, कोणी टाळायला सांगतात. पण तवाफ करताना फोन उंच धरून चालणाऱ्यामुळे मागच्या माणसाचा पाय अडखळतो, आणि ज्याच्यासाठी इतक्या लांब आलो त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढला जातो, याविषयी कोणाचेच दुमत नसावे. सौदी सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन्ही हरम शरीफमध्ये फोटो आणि चित्रीकरणावर बंदी जाहीर केली होती. प्रत्यक्षात फोनकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते, पण मोठा कॅमेरा घेऊन आत जाता येईल असे समजून कोणी निघू नये. आम्ही पहिला निर्णय तिथेच घेतला : कॅमेरा हरममध्ये न्यायचाच नाही, आणि मताफमध्ये फोनही बंद ठेवायचा. काबा शरीफचे दृश्य घरच्या टीव्हीवर चोवीस तास दिसते. त्यात आमच्या फोटोने काय भर पडणार होती?

मग प्रश्न उरला की फोटो काढायचे तरी कशाचे? याचे उत्तर अम्मींनी दिले.

अम्मींचे गुडघे गेलेले आहेत आणि हृदयाचाही त्रास आहे. डॉक्टरांनी विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितले. आम्ही निघणार हे कळल्यापासून त्या गप्प होत्या. मते ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "काबा तो मैं रोज देखती बेटा. मेरे कू वो रस्ता दिखाव, जिधर से मेरे अब्बा कू ले के गए."

अम्मींचे अब्बा १९७० साली हजला गेले होते. त्या काळी आमच्या भागातले हाजी आधी मुंबईला जात, साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम करीत, आणि मग मुघल लाईनच्या जहाजाने जिद्दाहला निघत. हा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. अम्मी तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. हज पूर्ण झाला आणि मक्केतच अब्बांचा इंतेकाल झाला. बातमी घरी यायला कित्येक दिवस लागले. नंतर बरोबरचे एक हाजी त्यांची वळकटी आणि जमजमचा डबा घेऊन आले. त्यांनी सांगितले ते इतकेच : नमाजे-जनाजा हरममध्ये झाली, आणि मग खांद्यावरून चालत चालत जन्नतुल मुअल्लाला नेले. ते चालणे अम्मी पंचावन्न वर्षे मनात पाहत आल्या आहेत. अब्बांचा फोटोही एकच, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला. फोटो काढून घेणे त्यांना पसंत नव्हते. सरकारी कागदाला हवा म्हणून काढला, आणि त्यांचा चेहरा घरात राहिला तो त्या कागदामुळेच.

जन्नतुल मुअल्ला हे मक्केचे जुने कब्रस्तान, हरमच्या उत्तरेला हजूनच्या बाजूला आहे. हजरत खदीजा (रजि.) यांची कब्र तिथेच आहे. साध्या कबरींवर नावाची पाटी नसते, नुसते दगड असतात. त्यामुळे "अब्बांची कबर" असा फोटो कोणालाही काढता येणार नाही, हे अम्मींनाही ठाऊक होते. त्यांना हवा होता तो रस्ता आणि तो डोंगर. आता आमच्याकडे एक नेमके काम होते, आणि सामान त्या कामाच्या मापाने निवडायचे होते.

त्या दिवसांत रात्री जेवणानंतर मुलगी जुन्या मक्केचे फोटो शोधून दाखवायची. त्यातून कळले की या वाटेने ओझे वाहणारे आपण पहिले नाही. इजिप्तच्या सैन्यातले अभियंता अधिकारी मुहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदीनेचे आणि १८८०-८१ च्या हजच्या काळात मक्केचे फोटो काढले. या दोन्ही शहरांचे हे सर्वात जुने फोटो मानले जातात. तेव्हा फिल्म नव्हती. काचेच्या पट्टीवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायचा. सगळे दहा-पंधरा मिनिटांत. वाळवंटातल्या उन्हात! काचा, बाटल्या, तंबू, सगळे उंटावर. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या चांदणी चौकातील एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनीही मक्का-मदीनेचे फोटो काढून प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातल्या अनेक घरांत हरमचे पहिले दर्शन अशाच छापील चित्रांतून झाले असेल.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना "मुसव्विर जंग" हा किताब दिला होता. आणि या सगळ्याच्या मुळाशी अकराव्या शतकातले इब्न अल-हैसम, ज्यांनी किताबुल मनाजिर या ग्रंथात प्रकाश डोळ्यात कसा येतो हे मांडले आणि अंधाऱ्या खोलीतल्या बारीक छिद्रातून प्रकाश कसा वागतो याचे प्रयोग केले. मामूजानांनी हे सगळे ऐकून घेतले. "त्यांचं काम होतं ते," म्हणाले, "तुमचं काम उमराह आहे." तेही बरोबरच होते. पण अम्मींनी काम दिल्यापासून त्यांचा विरोध मवाळ झाला होता.

आता निवड. भावाने लग्नाचा मोठा संच काढून दिला : मोठी बॉडी, ७०-२०० ची पांढरी लेन्स, एक छोटी लेन्स, फ्लॅश, ट्रायपॉड. आम्ही तो पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. साडेसहा किलो. बहुतेक विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा घालतात. म्हणजे औषधे, कागदपत्रे, एहराम यांना अर्धा किलो उरतो. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, हे तर लग्नाचं बिऱ्हाड झालं." तो संच तसाच परत कपाटात गेला.

मग भावाचा जुना छोटा कॅमेरा निघाला, कॅनन २००डी. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ४५० ग्रॅम. त्याच्याबरोबर १८-५५ ची लेन्स, ५५-२५० ची लेन्स आणि ५० ची एक छोटी. सगळे मिळून १२०० ग्रॅम. हा संच नेता आला असता. पण मुलीने एक साधा प्रश्न विचारला : १८-५५ जे काम करते ते फोन करत नाही का? तिचे बरोबर होते. रस्ता, गल्ली, इमारत, जेवणाचे ताट, जवळचा माणूस हे सगळे आजचा फोन चांगले टिपतो, आणि रात्रीच्या उजेडात तर जुन्या कॅमेऱ्यापेक्षा सरस. फोन जिथे कमी पडतो ती जागा म्हणजे लांबचा डोंगर. फोनमध्ये चिमटीने मोठे केलेले चित्र पाणचट दिसते. २५० ची लेन्स या कॅमेऱ्यावर ४०० इतकी जवळ आणते.

म्हणून ठरले : बॉडी आणि ५५-२५० एवढेच. वजन ८३० ग्रॅमच्या आत. याचा आणखी एक फायदा भावाने सांगितला. एकच लेन्स असली की बदलायची वेळच येत नाही, आणि लेन्स बदलताना जी बारीक वाळू आत शिरून सेन्सरवर बसते ती बसत नाही. घरातूनच लेन्स लावून निघायचे ते घरी येऊनच काढायचे.

ट्रायपॉडवर मात्र त्याचा जीव होता. इतक्या लांबून हात हलेल, फोटो फाटेल, असे तो म्हणत होता. पण तिथे रस्त्यात तिपाई मांडली तर पोलिस हटकणार, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास. त्यावर घरातलाच उपाय निघाला. जुन्या पायजम्याच्या कापडाची वीतभर पिशवी शिवली. ती रिकामी न्यायची, तिथे पोहोचल्यावर अर्धा किलो तांदूळ घेऊन भरायची, कठड्यावर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. तांदूळ लेन्सभोवती बसतो आणि कॅमेरा हलत नाही. ड्रोनचा विषय निघालाच नाही, तो निघूही नये. परवानगीशिवाय ड्रोन नेणे म्हणजे विमानतळावरच अडकणे.

कॅमेऱ्याची तयार बॅगही नेली नाही. ती पाहिली की आत काय आहे हे दहा जणांना कळते. मुलीच्या शाळेच्या जुन्या दप्तरात गोधडीचा तुकडा दुमडून शिवला आणि त्यात कॅमेरा बसवला. आमची दादी त्या गोधडीवर नमाजनंतर तसबीह घेऊन बसायची. दोन धक्के सोसायला तिच्यापेक्षा चांगला फोम बाजारात मिळाला नसता.

बाकीचे सामान कोणालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो. सुटी बॅटरी आणि पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी, मोठ्या बॅगेत टाकू नये. तो विमानाचा नियम आहे. मर्यादा १०० वॅट-अवरची असते. पॉवर बँकेवर आकडा mAh मध्ये लिहिलेला असतो हे पाहून गोंधळू नये. त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० च्या पॉवर बँकेचे ७४ वॅट-अवर होतात, म्हणजे चालते. आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम साडेसात वॅट-अवरची. अशा दोन जादा घेतल्या, प्रत्येकीच्या टोकांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे किल्ली किंवा नाण्याला लागून ठिणगी पडणार नाही. सौदीत भिंतीवरचे प्लग तीन चौकोनी पायांचे असतात, आपली गोल पिन त्यात बसत नाही. त्यासाठी एक अडॅप्टर आणि त्याच्यावर लावायला एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. हॉटेलच्या खोलीत प्लग कमी आणि फोन जास्त असतात.

कार्ड १२८ जीबीचे एक न घेता ६४ चे दोन घेतले. एक गेले तर निम्मे तरी राहते. रोज रात्री इशानंतर फोटो फोनमध्ये उतरवायचे काम मुलीकडे. दोन मोठ्या झिपच्या पिशव्या आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घेतल्या. जिद्दाह समुद्रकाठी, हवा दमट. एसी खोलीतला थंड कॅमेरा एकदम बाहेर काढला तर काचेवर दव धरते. पिशवीत बंद करून बाहेर न्यायचा, अर्ध्या तासाने उघडायचा, म्हणजे दव पिशवीवर बसते, लेन्सवर नाही. महागडा कॅमेरा असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडे दाखवून त्याच्या नंबरासह एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावे, परतताना तो तिथेच विकत घेतला का हा प्रश्न येत नाही.

आणि एहराममध्ये? पुरुषाला शिवलेले कपडे नाहीत, खिसा नाही. कमरेच्या पट्ट्यात पासपोर्ट, थोडे रियाल आणि बंद केलेला फोन. कॅमेऱ्याचे दप्तर पहिला उमराह पूर्ण होईपर्यंत खोलीतून हलले नाही. अल्हम्दुलिल्लाह, तवाफ आणि सई दोन्ही रिकाम्या हातांनी झाल्या. त्या रात्रीचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

चौथ्या दिवशी फज्रनंतर आम्ही हरमच्या बाहेरून उत्तरेकडे चालू लागलो. हा वेळ ठरवून घेतला होता. ऊन चढल्यावर जमिनीवरची गरम हवा थरथरते आणि लांबच्या लेन्समधून सगळे पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. सकाळी हवा स्थिर आणि उजेड तिरपा असतो, दगड उठून दिसतो. आम्ही फोनने दर शंभर पावलांवर एक फोटो काढत गेलो. लोकांचे चेहरे, विशेषतः स्त्रिया, आणि पोलिस येणार नाहीत असे पाहिले. तिथे परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढणे हा गुन्हाही ठरू शकतो. वाटेत मस्जिदे-जिन लागली, तिचाही एक घेतला. मागे वळून पाहिले की घड्याळाचा मनोरा दिसतो, ६०१ मीटर उंच. १९७० मध्ये तो नव्हता, ही हॉटेले नव्हती, हा पूलही नव्हता. मुलगी म्हणाली, "दादीच्या अब्बांना यातलं काहीच ओळखू आलं नसतं." मग तिने कॅमेरा वळवला आणि डोंगराकडे बोट दाखवले. तो तेव्हाही होता.

कब्रस्तानात आम्ही कॅमेरा नेला नाही. स्त्रियांना आत जाता येत नाही, म्हणून आमच्यापैकी एकाने आत जाऊन फातिहा पढली, दुसरी आणि मुलगी बाहेर थांबल्या. तोपर्यंत मुलीने समोरच्या बाजूच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून भिंतीपलीकडचा उतार आणि त्यामागचा काळसर डोंगर टिपला. सगळे मिळून रस्त्याचे एकतीस आणि डोंगराचे सहा फोटो. पिशवीतले तांदूळ निघायच्या आदल्या दिवशी हरमजवळच्या कबुतरांना घातले.

घरी आल्यावर भाऊ टीव्हीला तार जोडायला बसला. अम्मींनी नको म्हटले, कागदावर हवेत म्हणाल्या. गावातल्याच स्टुडिओतून पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट काढून आणले. अम्मींनी ते क्रमाने पलंगावर मांडले, हरमपासून मुअल्लापर्यंत, आणि बोटाने एकेक चालत गेल्या. मध्येच विचारले, "इत्ताच रस्ता?" आम्ही म्हटले, चालत अर्ध्या तासाचाही नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मैं समझी थी बहोत दूर ले के गए." चौदाव्या वर्षी ऐकलेल्या "चालत चालत" या दोन शब्दांनी तो रस्ता त्यांच्या मनात किती लांब करून ठेवला होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले. डोंगराचा एक फोटो त्यांनी अब्बांच्या फोटोशेजारी, जुन्या डब्यात ठेवला. बाकीचे सगळे मामूजानांनी पाहायला नेले.

तेव्हापासून कोणी विचारले की उमराहला कुठला कॅमेरा न्यावा, तर आम्ही त्यांना उलट विचारतो, घरी कोण राहणार आहे आणि त्यांना काय पाहायचे आहे? त्याचे उत्तर मिळाले की बाकीचे सोपे जाते. पुढच्या महिन्यात मोहल्ल्यातले एक कुटुंब निघाले आहे. गोधडीचे दप्तर त्यांनी मागून नेले. कॅमेरा मात्र नको म्हणाले. त्यांच्या घरच्या बुजुर्गांना दिसत नाही. त्यांना हरमची फज्रची अजान ऐकायची आहे, ती त्या जागेवरून, आजूबाजूच्या माणसांच्या आवाजासकट. त्या कामाला फोन पुरतो. दप्तरात ते त्यांची औषधे ठेवणार आहेत.